निळ्या खुर्चीशेजारी

१

किडा ओळखायचा असेल तर त्याच्या शेजारी काहीतरी ठेवून फोटो काढा. काडेपेटी ठेवा, नाणं ठेवा, चमचा ठेवा. हे मी दिवसभरात इतक्यांदा म्हणतो की झोपेतही बडबडतो, असं बायको सांगते. नुसता किडा पाठवलात तर तो केवढा आहे हे मला कसं कळणार? फोटोत सगळेच किडे मोठे दिसतात, आणि घाबरलेल्या माणसाने काढलेल्या फोटोत जरा जास्तच.

मी पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत आहे, पण मारणाऱ्यांत नाही. मारणारे पाठीला टाकी बांधून गाडीतून जातात. मी ऑफिसात फोनपाशी बसतो आणि लोकांच्या घरात निघालेला किडा कोणता ते सांगतो. काहीजण बाटलीत घालून आणतात. एक गृहस्थ चष्म्याच्या घरात घेऊन आले होते आणि आता चष्मा कुठे ठेवू, असं मलाच विचारत होते. ऑफिसात मला किडेमास्तर म्हणतात. मला ते आवडतं, पण तसं मी दाखवत नाही.

निम्म्याहून जास्त वेळा माझं उत्तर ठरलेलं असतं. निरुपद्रवी आहे, वरून काचेचा पेला उपडा घाला, खालून कागद सरकवा आणि खिडकीबाहेर सोडून द्या. मालकांना हे उत्तर फारसं रुचत नाही, पण खोटं सांगून फवारणी करायला लावणं मला जमत नाही.

हवेत ओल असली की क्रेन फ्लायचे फोटो सुरू होतात. लोक तिला मोठा डास समजतात आणि त्यांची पाचावर धारण बसते. लांबच लांब सहा पाय, काडीसारखं अंग, अरुंद पंख. पंखांच्या मागे दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गोळी असलेल्या, उडताना तोल सांभाळायला. ती चावत नाही, चावण्याजोगं तोंडच तिला नाही. मोठी झाली की मोजके दिवस जगते आणि बहुतेक वेळ भिंतीला चिकटून बसते. धरायला गेलात तर एखादा पाय तुमच्या हातात ठेवून निघून जाते. पायांचं तिला फारसं सोयरसुतक नसतं.

ताईचा फोटो आला तेव्हा मी असाच एका आजोबांना फोनवर धीर देत होतो.

२

ताई माझ्याहून बरीच मोठी. मी आता चांगला जाडजूड झालोय, डोक्यावरचे केस मागे हटलेत, तरी ती मला अजून बारक्याच म्हणते. आई लवकर गेली, त्यामुळे माझं जे काही झालं ते ताईच्या हातून झालं. शाळेचा डबा, ताप, परीक्षा, लग्न.

भाऊजी मॉडेलं बनवतात. नव्या इमारती बांधायच्या आधी त्यांची छोटी प्रतिकृती करून ठेवतात ना, ती. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. टेबलांवर छत नसलेली घरं मांडलेली असायची आणि त्यांत सगळं हुबेहूब: बेसिन, पलंग, पडदे, काडेपेटीएवढ्या खुर्च्या. मी गेलो की टेबलाला डोळा लावून त्या खोल्यांतून फिरायचो. एकदा तशाच एका खोलीत माशी शिरली होती, तर मी क्षणभर दचकलो होतो. भाऊजी त्यावरून मला वर्षभर चिडवत होते.

मध्यंतरी ताईचं बिनसलं. घरात कोणीतरी चालतं, भिंतीवर काहीतरी सरकतं, असं तिला वाटायला लागलं. भाऊजी तसे वाईट नाहीत, पण त्यांच्या मते प्रत्येक गोष्टीला एक माप असतं आणि ताई राईचा पर्वत करते. शेवटी तिला मनाच्या आजाराच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथून ती परत आली ती गप्प होऊन, आणि पुन्हा तिथे जायचं नाही एवढं एकच मनाशी धरून.

तिच्या फोटोत ओलीने पोपडे आलेली भिंत होती. भिंतीपाशी निळी खुर्ची, आणि खुर्चीच्या वर, पाय पसरून बसलेली क्रेन फ्लाय. खाली लिहिलं होतं, 'शेजारी खुर्ची ठेवली आहे. हे काय आहे?'

मला हसू आलं. काडेपेटी नाही, नाणं नाही, तर ताईने भाऊजींच्या मॉडेलातली खुर्ची वापरली होती. किडा मॉडेलात शिरला होता आणि तिथल्या तिथे माप मिळालं होतं. मला तिचं कौतुक वाटलं. मी लगेच फोन लावला आणि सांगितलं की ही क्रेन फ्लाय, घाबरायचं काही कारण नाही.

"इतकी मोठी असते?" तिने विचारलं.

असतेच मोठी, मी म्हणालो, म्हणून तर लोक घाबरतात. ती चावत नाही हे सांगितलं, तोंडाचं सांगितलं, पायांचं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मधेच तिने मला नाव पुन्हा सांगायला लावलं आणि स्वतः म्हणून पाहिलं.

"नाव आहे ना त्याला, मग झालं," ती म्हणाली. "नाव असलेल्या गोष्टीला कोणी वेड म्हणत नाही. ह्यांना सांगशील ना तू? मी सांगितलं तर ते ऐकायचे नाहीत."

सांगतो म्हणालो. मग तिने ती बाहेर कशी काढायची ते विचारलं, आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, पेल्याचं आणि कागदाचं.

तिने मला मधेच थांबवलं.

"कुठला पेला, बारक्या?"

घरातला सगळ्यांत मोठा घे, मी म्हणालो आणि हसलो. ती हसली नाही.

३

भाऊजी एका मॉडेलच्या जोडणीसाठी परगावी गेले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन केला. ताईची बाजू घ्यायची संधी मिळाली म्हणून मी खुशीत होतो. म्हटलं, ताईने जे पाहिलं ते खरंखुरं आहे, साधा किडा आहे, तुमच्याच मॉडेलात बसलाय.

"कुठल्या मॉडेलात?" भाऊजींनी विचारलं.

मागच्या खोलीतल्या, मी म्हणालो.

"अरे, घरात एकही मॉडेल नाही. ती हॉस्पिटलातून आली तेव्हाच मी सगळा पसारा हलवला, शेड भाड्याने घेतली. त्या बारक्या खोल्यांची तिला भीती वाटायची."

मी निळ्या खुर्चीचं सांगितलं. भाऊजींचा आवाज अगदी हळू झाला. निळी खुर्ची स्वयंपाकघरातली होती. ताई त्याच खुर्चीवर बसून भाजी निवडायची. आजारातून उठल्यावर हात चालता राहावा म्हणून तिनेच ती रंगवली होती.

"म्हणजे आता फोटोही बनवायला लागली," भाऊजी म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. उद्याच परत येतो, येताना हॉस्पिटलात बोलून येतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ताईच्या बाजूने बोलायला गेलो आणि मीच तिला गोत्यात आणून ठेवलं.

मी फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. खुर्चीच्या एका पायाखाली, ती डुगडुगू नये म्हणून, कागदाची घडी सारलेली होती. बैठकीवर ताईचा चष्मा ठेवलेला होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला. भाऊजी कितीही हुबेहूब करत असले तरी असलं काही करत नाहीत. आणि त्या किड्याचे खालचे पाय खुर्चीच्या पाठीच्या पार खाली, जमिनीला टेकले होते. वरचे पाय फोटोच्या बाहेर गेले होते.

समोरच्या टेबलावरच्या बाईंनी बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं. मी म्हणालो, जेवण पचलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी सकाळच्या बसने निघालो. वाटेत मी स्वतःशी भरपूर वाद घातला, आणि खरं सांगायचं तर जिंकलोही. किडा भिंतीवर नसणारच. तो फोनच्या काचेवर किंवा काचेच्या अगदी जवळ असणार. जवळची गोष्ट मोठी दिसते, मागची लहान दिसते. असले फोटो मला आठवड्याला येतात. एकाने कोळ्याचा फोटो पाठवला होता, तो कोळी शेजारच्या इमारतीवर चढत असल्यासारखा दिसत होता. मी त्याला किती हसलो होतो. माझा जीव भांड्यात पडला. खिडकीतून बाहेर बघत मी चक्क शीळ घालायला लागलो.

मग सावली आठवली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या पायांची सावली भिंतीवर पडली होती, आणि खुर्चीच्या पाठीवरून मोडून खाली उतरली होती. काचेवर बसलेल्या किड्याची सावली मागच्या खुर्चीवर पडत नाही. मी फोन पुन्हा उघडून पाहिला नाही. बस थांबली तेव्हा सगळे उतरून गेले तरी मी बसूनच होतो, शेवटी कंडक्टरने खांद्याला हात लावला.

५

ताईने दार उघडलं. केस नीट विंचरलेले, धुतलेली साडी. मला वाटलं होतं ती रडत असेल, पण ती माझ्यापेक्षा शांत होती. घर बैठं, पुढची खोली, स्वयंपाकघर, एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. त्या खोलीचं दार बंद होतं. ताई बोलत होती अगदी हळू आवाजात, घरात कोणीतरी आजारी झोपलेलं असावं तशी. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही तसंच बोलतोय.

भाऊजी काय म्हणाले ते मी सांगितलं. तिला ते अपेक्षितच होतं. मी म्हणालो, ताई, पिशवी भर, माझ्या घरी चल, इथलं नंतर बघू. ती मानेनेच नाही म्हणाली. मी आत्ता निघून गेले तर माझ्या डोक्यात बिघाड आहे हे कायमचं ठरलं, तिने समजावलं. मग मी कुठेही गेले तरी वेडीच.

"तू ह्यांच्यासमोर म्हण की मी पाहिलं," ती म्हणाली. "एकदाच म्हण, आणि त्यांना ते मानू दे. मग तू सांगशील तिथे येते मी. नाहीतर ह्याच घरात राहते."

ती तशी हट्टी नाही. पण एकदा तिने असं म्हटलं की मग तिला हलवणं कुणाच्या बापाला शक्य नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी विचारलं, कुठे आहे ते? तिने बोळाकडे बोट केलं. आधी स्वयंपाकघरात होतं, मग बोळात आलं, आता मागच्या खोलीत, माळ्यावर. तिकडे ओल जास्त आहे. काही करत नाही, ती म्हणाली. नुसतं असतं. मी हिंडायला लागले की थांबतं, मी थांबले की हलतं.

"आणि मी झोपले की जवळ येतं," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

६

मागच्या खोलीत मी एकटाच गेलो. ताईला बाहेर थांबवलं.

दुपारचं स्वच्छ ऊन होतं, खिडकी उघडी होती, आणि खोलीत घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. भाऊजींची टेबलं गेल्यामुळे ती मोठी दिसत होती. एका बाजूला ताईचा पलंग. भिंतींवर ओलीचे डाग, पोपडे, कुबट वास. दारावरच्या बाजूला सिमेंटचा माळा होता, नेहमी असतो तसा, पुढे सरकवायचा पडदा लावलेला. पडदा अर्धा उघडा होता. आत एका कोपऱ्यात गोल काहीतरी दिसत होतं, एखाद्या जुन्या दिव्याच्या गोळ्यासारखं. मी खोलीच्या मध्यापर्यंत गेलो, पलंगाखाली वाकून पाहिलं, खिडकीच्या पडद्यामागे पाहिलं. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटली. ताईची काळजी वाटली, पण त्याआधी हायसं वाटलं.

भिंतींवरून वायरी खाली आणल्या होत्या. करड्या, बारीक, माळ्यापासून निघून भिंतीला धरून जमिनीपर्यंत. एक खिडकीशेजारून, एक पलंगाच्या उशापाशी, एक मी आलो त्या दाराच्या अगदी बाजूने. भाऊजींनी टेबलांवरच्या दिव्यांसाठी घेतल्या असतील आणि काढायच्या राहून गेल्या असतील, असं मला वाटलं. एवढा काटेकोर माणूस, आणि वायरी अशा मोकळ्या सोडल्या. प्रत्येक वायर मध्येच एका जागी कोपरासारखी वाकलेली होती.

माळ्यावरचा तो गोळा हलला. एका बाजूला झुकला आणि परत जागेवर आला. त्याला मागे दांडी होती. गोळा, दांडी, आणि त्याच्या जरा पलीकडे दुसरा तसाच गोळा. मी गेली कित्येक वर्षं हे लोकांना फोनवर सांगत आलोय.

मग उशापाशी असलेली वायर जमिनीवरून उचलली गेली, हवेत थोडी थांबली, आणि माझ्या बाजूला जरा अलीकडे टेकली. आवाज अजिबात झाला नाही.

ओळखण्यात मी कुठेच चुकलो नव्हतो. मी तिथून बाहेर कसा आलो ते मला सांगता येत नाही. दाराशेजारच्या त्या करड्या रेघेला खांदा लागू नये म्हणून मी अंग चोरलं होतं आणि श्वास धरून ठेवला होता, एवढंच आठवतं. बोळात ताई उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला विचारावं लागलं नाही. कित्येक महिन्यांत मी तिला इतकं मोकळं झालेलं पाहिलं नव्हतं. त्याच वेळी बाहेर गाडी थांबली.

७

भाऊजी आले होते आणि त्यांच्याबरोबर हॉस्पिटलातली एक परिचारिका होती. प्रेमळ बाई, पण उभी राहिली ती ताई आणि बाहेरचं दार यांच्या मध्ये.

भाऊजींनी आवाज चढवला नाही. ते मला म्हणाले, "तू तज्ज्ञ आहेस. तू आत जाऊन आलास ना? तू सांगशील ते मी मानतो."

ताई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आनंदाने होते.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. मी हो म्हणालो, तर भाऊजी चेष्टा करणार किंवा खरं मानून आत बघायला जाणार. दोन्हीत ताई घरीच राहणार. चेष्टा केली तर ती अडून बसणार, खरं मानलं तर भाऊजी आमच्या कंपनीची गाडी येईपर्यंत थांबू म्हणणार आणि ती त्यांना एकटं सोडून निघणार नाही, गाडी लगेच मिळत नाही, आणि तोवर ती त्या पलंगावर झोपणार. मी नाही म्हणालो, तर ताई तासाभरात ह्या घरापासून लांब, कुलूप असलेल्या, कोरड्या भिंतींच्या, माणसांनी भरलेल्या जागी असणार. तिला दिलेला शब्द पाळून ह्या घरात ठेवण्यापेक्षा तो मोडून तिला बाहेर काढणं बरं, असं मला वाटलं. मला अजूनही दुसरं काही सुचत नाही.

"काही नाही आत," मी म्हणालो. "मी नीट पाहिलं."

ताई रडली नाही, ओरडली नाही. तिला माहीत होतं की मी पाहिलंय, आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, ताप उतरलाय का ते बघायला लहानपणी माझ्याकडे बघायची तशी. मग स्वतःहून चपला घालून गाडीत जाऊन बसली. भाऊजी तिचे कपडे आणायला मागच्या खोलीत गेले. मी बोळाच्या ह्या टोकाला उभा होतो. ते कपडे घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, ओल फार वाढलीय.

८

हॉस्पिटलात मी दर रविवारी जायचो. सुरुवातीला ताई माझ्याशी बोलायचीच नाही. मी फळं घेऊन जायचो आणि ताई ती शेजारच्या बाईला द्यायची. एकदा परिचारिका बाहेर गेल्यावर तिला सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, पण मग वाटलं, हिने लगेच डॉक्टरांना सांगितलं आणि घरी परत जायचा धोशा लावला तर? ती इथे आहे तोवर सुखरूप आहे. मी तोंड मिटून घेतलं. साध्या क्रेन फ्लाय मोजके दिवस जगतात, हेही तेवढ्याने मरेल, मग तिला सगळं सांगू, असा माझा हिशेब होता.

ते मेलं याची खात्री करायला मी एकदा ऑफिसातली टाकी पाठीला बांधून भाऊजींकडे गेलो. ताई नसल्यामुळे त्यांनी काम पुन्हा घरी आणलं होतं. मागच्या खोलीत टेबलं मांडलेली, आणि भाऊजी एका टेबलावर वाकून नवीन वसाहतीचं मॉडेल करत होते. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. ते थकल्यासारखे दिसत होते, गाल आत गेलेले. बोलत होते अगदी हळू.

उकडत होतं, म्हणून मी पंख्याच्या बटनाकडे हात नेला.

"नको लावू," ते म्हणाले. "कशाला तरी अडकतो."

मग त्यांनी मला मोठ्या हौसेने रस्त्यांवरचे दिवे दाखवले. बारीक करड्या नळीचे खांब, वरच्या बाजूला जरासे वाकलेले. म्हणाले, असा माल बाजारात मिळत नाही, वजन नाही, पोकळ आहे, आणि कापला तरी तडकत नाही. मी विचारलं, कुठून आणला? त्यांनी पलंगाच्या मागे हात घातला आणि एक लांब नळी ओढून काढली. ती त्यांच्या उंचीपेक्षा बरीच मोठी होती. मधोमध तिला सांधा होता, आणि टोकाला बारीक आकडे.

"खोलीतच पडलेली असते," भाऊजी म्हणाले. "सकाळी उठलं की अंगाखाली सापडते. तुझी ताईच घेऊन आली असेल कुठून तरी. आणखी आहेत."

मी म्हणालो, भाऊजी, इथे झोपू नका, काही दिवस माझ्याकडे चला. त्यांनी आश्चर्याने पाहिलं. त्यांनी विचारलं, का? तूच तर नीट पाहून सांगितलंस. माझ्या पाठीवर टाकी होती, फवारणीची नळी हातात होती, आणि माळ्याचा पडदा आता पूर्ण ओढून घेतलेला होता. माझा हात वर गेला नाही. पडद्याचं कापड मधूनच आतून पुढे येत होतं आणि पुन्हा मागे जात होतं, आणि खोलीत वारा नव्हता.

९

ताई बरी झाली. डॉक्टरांनी मला बोलावून कौतुकाने सांगितलं. म्हणाले, औषधं आहेतच, पण खरा फरक तुमच्यामुळे पडला. तुमच्यावर त्यांचा फार विश्वास. माझा भाऊ खोटं बोलणार नाही, तो नाही म्हणाला म्हणजे नसणारच, हे एकदा त्यांच्या मनाने घेतलं आणि मग गाडी रुळावर आली. आज घरी सोडतोय, त्यांचे मिस्टर न्यायला येताहेत.

मी जिना धावत चढलो. ताई पलंगावर बसली होती, पिशवी भरून तयार. चेहऱ्यावर तेज आलं होतं, ती थोडी जाडही झाली होती. मला बघून उठली आणि मला जवळ घेतलं. म्हणाली, मी तुझ्यावर उगीच रागावले रे. मला वाटत होतं तू माझ्याशी खोटं बोललास.

"ताई, माझ्या घरी चल," मी म्हणालो. "थोडे दिवस. भाऊजींनाही घेऊ बरोबर."

येईन ना नंतर, ती म्हणाली. ह्यांची फार आबाळ झालीय. फोनवर आवाजसुद्धा निघत नाही त्यांचा. मी जाते, घर आवरते, मागच्या खोलीला रंग काढते. ती ओल काही बरी नाही.

मी तिची पिशवी धरली आणि सोडेना. मग मी सगळं सांगितलं. वायरी, गोळे, उचललेला पाय, माझा खोटेपणा आणि तो कशासाठी, भाऊजींचे दिव्यांचे खांब. माझा आवाज वाढत गेला तशी दारात परिचारिका येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागे डॉक्टर. मी म्हणालो, ताई, मी पाहिलं होतं. तुझ्यासारखंच पाहिलं होतं. देवाशपथ सांगतो.

ताईने माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग माझे हात पिशवीपासून हळूच सोडवले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"मलाही असंच वाटायचं, बारक्या," ती म्हणाली. "अगदी असंच. होशील बरा तू."

खाली भाऊजींच्या गाडीचा हॉर्न वाजला. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी मागवलं. ताईने पिशवी उचलली, दारातून वळून मला हात केला, आणि ती घरी गेली.